तळेघरची जीप आणि उटीचा दगड

मित्रांनो, मी जीप आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या डाव्या दाराच्या जागी सुतळीने बांधलेलं फळकूट बघितलं की कुणालाही कळतं.

गेल्या वैशाखात माझं काय करायचं, हे तळेघरजवळच्या एका वाडीत ठरत होतं. मला दुरुस्त करून पुन्हा घाटात चालवायचं, की बाजूला सारून दुसरी तयार जीप घ्यायची? तुम्हाला वाटेल, मला मोडीत जायची भीती वाटत असेल. ती वाटत होतीच. पण माझ्या अंगात एक गोष्ट लपली होती. ती फक्त मला ठाऊक होती, आणि तिची भीती मोडीत जाण्याहून मोठी होती. तीच सांगायची आहे. आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे कोण कुणाचं ते कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे प्रथम लोखंडाचा एक लांब सांगाडा तयार करतात. त्याला चासी म्हणतात. माणसाला जसा पाठीचा कणा, तशी मला चासी. इंजिन, चाकं, पत्रा, सगळं तिच्यावर बसतं. इंजिन बदलता येतं, पत्राही बदलता येतो. चासी म्हणजे मात्र मीच.

सुरुवातीची वर्षं एका सरकारी खात्यात गेली. पुढे साहेब, मागे फायली, आणि त्यांच्यावर डबा. मग खात्यात नव्या गाड्या आल्या आणि मला लिलावाच्या मैदानात उभं केलं. तिथे येणारा जो तो माझ्या टायरला लाथ मारून बघत होता. एक सडपातळ माणूस मात्र खाली वाकला. त्याने मैदानातलाच एक दगड उचलला, माझ्या चासीवर हलकेच ठोकला आणि कान लावला. थोडं पुढे सरकून पुन्हा ठोकला. पुढून मागेपर्यंत, दोन्ही बाजूंनी.

"ओ पावणं, माठ घ्यायला आलाय का काय?" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

"माठच हाय की राव," तो न हसता म्हणाला. "फकस्त ह्यात पानी न्हाई, मानसं भरायची हायेत."

ते चिमाजी. त्यांनी मला घरी नेलं, आणि तो दगडही बरोबर घेतला.

त्यांची वाडी तळेघरच्या वर आहे. डांबरी रस्ता सोडून एक उभा चढ चढला की लागते. भाताची खाचरं, उतारावर नाचणी, त्यावर जंगल. पावसाळ्यात त्या चढाचा ओढा होतो. एसटी खालून जाते, दवाखान्याची गाडी खालपर्यंत येते. त्याच्या वर पायच. मी आले तेव्हापासून पाय आणि मी.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! हिरड्याची पोती वाहिली. त्या दिवसांत तो तुरट वास माझ्या सीटांत असा मुरायचा, की दिवाळीपर्यंत जायचा नाही. परीक्षेची पोरं घोडेगावला नेली. नवऱ्या मुली सासरी पोहोचवल्या. साप चावलेली, झाडावरून पडलेली, बाळंतपणाला अडलेली माणसं नेली. श्रावणात भीमाशंकरला गर्दी लोटायची. घाटातल्या सगळ्या गाड्या त्या दिवसांत भाविकांच्या मागे असायच्या. वाडीत कुणी आजारी असलं, की चिमाजी मला अंगणातून हलवायचे नाहीत. "देवाला जायला लई गाड्या हायेत," म्हणायचे.

कधी हसणंही असायचं. एकदा त्यांनी बेल्ह्याच्या बैलबाजारातून एक गोऱ्हा माझ्यात घालून आणला. वाटेत घोडेगावला साळुबाई नावाच्या आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या चढल्या. गोऱ्ह्याने त्यांच्या पदराचं टोक तोंडात धरलं.

"चिमाजी, ह्यो उतरतोय का मी उतरू?"

"मावशे, त्यो बेल्ह्यापासनं बसलाय. जागा त्याची हाय."

"मंग त्याला सांग, पदर सोड. माज्या नवऱ्यानं बी कदी धरला न्हाई इतका."

डिंभ्याच्या धरणापर्यंत माझ्यातली माणसं हसत होती. हसणारी माणसं वाहायला हलकी असतात, हा माझा अनुभव आहे.

आता त्या दगडाचं सांगते. माझा सेल्फ पहिल्यापासून लहरी. कधी लागायचा, कधी नुसताच कण्हायचा. म्हणून चिमाजी मला नेहमी उताराला तोंड करून उभी करायचे. चाकाखाली तो दगड लावायचे. त्याला उटी म्हणतात. सकाळी उटी काढली की मी आपोआप घरंगळायची आणि चालू व्हायची. पण उटी काढल्यावर ते लगेच निघत नसत. ब्रेक ओढून खाली वाकायचे आणि त्याच दगडाने माझी चासी ठोकत जायचे, त्यांची बायको झुंबरबाई बाजारात माठ ठोकून बघायच्या तशी. जिथे लोखंड धड, तिथे खणखणीत आवाज. कुठे बद्द आवाज आला, तर त्या दिवशी गाडी बंद.

त्यांची एकुलती एक मुलगी रुपाली. उटी काढायचं काम तिचं. दगड दोन्ही हातांनी कवटाळून ती उभी राहायची आणि चिडवायची, "बाबा, दार वाजवताय का? आत कोण हाय?"

"आत ही हाय की. ऐक, ओ देती."

खरंच, मित्रांनो, मी ओ द्यायची. माझ्याकडे दुसरी भाषा नव्हती.

रुपाली माझ्याच स्टिअरिंगवर गाडी शिकली. मग ती शिकायला पुण्याला गेली. सुट्टीला आली की माझ्या मागच्या सीटवर पाय पसरून पुस्तकं वाचायची. एखादं आवडलं तर दोन पानं वाचून, पुस्तक छातीवर ठेवून डोंगराकडे बघत बसायची. पुढे तिला जुन्नरला शाळेत नोकरी लागली.

आणि गेल्या वर्षीचा आषाढ आला.

भातलावणी चालू होती. चिमाजी खाचरात वाकलेले असताना छातीत कळ आली. माणसं धावली. माझी किल्ली दाराच्या खिळ्याला होती. मी अंगणात उताराला तोंड करून उभी होते. पण वाडीत गाडी चालवणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि रुपाली जुन्नरला वर्गात होती. शेवटी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चौघांनी ती उचलली आणि माझ्या पुढूनच चढ उतरून गेले. पाऊस कोसळत होता. झुंबरबाई डोलीच्या बाजूने पळत होत्या. आपल्या डोक्यावरचं इरलं त्या चिमाजींच्या तोंडावर धरायचा प्रयत्न करत होत्या, आणि वारा ते उडवत होता.

खाली दवाखान्याची गाडी येऊन थांबलेली होती. पण तोवर उशीर झाला होता.

चिमाजींचं दिवसकार्य झाल्यावर रुपाली जुन्नरला गेली. तिला जावंच लागलं. मग झुंबरबाईंनी एक काम काढलं. आमच्या डोंगरात पावसाच्या तोंडची भिंत भिजू नये म्हणून घराला बाहेरून कारवीच्या काड्या आणि पेंढा यांचा जाड आडोसा बांधतात. झुंबरबाईंनी तसा आडोसा मला बांधला. चारही बाजूंनी. माझ्या खालीसुद्धा पेंढा कोंबला, आणि वरून काळं मेणकापड घालून काथ्याने आवळलं.

"अगं झुंबरे, गाडीला काय हीव वाजतंय?" साळुबाईंनी विचारलं.

झुंबरबाई काथ्याची गाठ मारत राहिल्या.

घर गुंडाळलं तर आत चूल असते, माणसं असतात, धूर असतो. घर आतून कोरडं राहतं. माझ्यात चूल नव्हती. पेंढ्याने पाणी प्यायलं आणि सोडलं नाही. वरून मेणकापड, त्यामुळे ऊन लागलं नाही, वारा लागला नाही. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीही गेली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. पण उजव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या वर, जिथे सगळ्या माणसांचा भार स्प्रिंगच्या पाट्यांवरून चासीवर येतो, तिथे ओला पेंढा चिकटून बसला होता. तिथलं लोखंड आतून पापुद्र्यासारखं सुटू लागलं. आधी नुसती खाज. मग एक दिवस, मी जागची हललेलीही नसताना, तिथे बारीक चीर गेली.

मला ओरडावंसं वाटलं. पण आपणहून ओरडणं मला येत नाही. कुणी ठोकलं तर ओ देणं, एवढंच येतं.

वैशाखात रुपाली परत आली. तिने तळेघरच्या शाळेवर बदली मागून घेतली होती. पहिल्याच सकाळी तिने कोयता घेतला आणि माझे काथे कापले. मेणकापड निघालं, पेंढा निघाला. इतक्या महिन्यांनी अंगावर ऊन आलं. ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "आई, पावसाआधी गाडी उभी राहिली पाहिजे. कुठली का असेना."

"कुठली का असंना म्हंजी?" झुंबरबाई घरातून म्हणाल्या. "हीच."

घाई का होती, ते सांगते. आमच्या वाडीतली मोहिनी पोटुशी होती आणि तिचे दिवस श्रावणात भरणार होते. ऐन पावसात. तिचा नवरा चाकणला कंपनीत. रुपालीने तिला सांगून ठेवलं होतं, "तुला डोलीत नाही जाऊ देणार." हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून मला कळलं, की ही नुसती मोहिनीची गोष्ट नाही.

मग दोन्हीकडून तयारी सुरू झाली. घोडेगावचे मिस्त्री गेणभाऊ माझं इंजिन खोलायला आले. ते चिमाजींचे जुने मित्र. आणि बेल्ह्याच्या बाजाराजवळ जुन्या जीप घेऊन, नव्या करून विकणारा सार्थक नावाचा तरुण, त्यालाही रुपालीने निरोप दिला. एका खिडकीवर भरवसा ठेवून घर बांधणाऱ्यातली ती नव्हती.

गेणभाऊंनी इंजिन उत्तम केलं. वायरी नव्या घातल्या, नोझल साफ केले. शेवटी माझ्या खालच्या बाजूला वापरलेल्या काळ्या ऑइलचा जाड हात मारला. गंज धरू नये म्हणून आमच्याकडे सगळेच मारतात. त्या काळ्या थराखाली माझी चीर पार झाकली गेली. ते चिखल न खरवडता ऑइल मारत होते आणि मी मनात म्हणत होते, गेणभाऊ, तिथं बोट घाला. तिथंच. जरा मागं. पण ते गुणगुणत होते आणि त्यांचा फडका पुढे सरकला.

ज्या सकाळी सगळं ठरायचं होतं, त्या सकाळी सार्थक त्याची तयार जीप घेऊन चढ चढून आला. काय दिसत होती ती! हिरवा रंग उन्हात चमकत होता. टायरांची नक्षी अजून कोरी होती. ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि मला माझ्या फळकुटाची लाज वाटली.

"मॅडम, चावी फिरवा आन निघा," सार्थक म्हणाला. "डोक्याला ताप न्हाई. आन ह्या आजीबाईला आता मुजियममदी ठिवा."

"ए सार्थक," गेणभाऊ बोलले, "तुजी बी म्हातारीच हाय. फकस्त फेशल केलंय."

"मामा, फेशल केलेली चालती तरी! तुमची उठून उबी ऱ्हाती का बघा आदी."

"बग मंग."

गेणभाऊंनी किल्ली फिरवली. मित्रांनो, माझा तो लहरी सेल्फ त्या दिवशी पहिल्या हाकेला लागला. काळा धूर सुटला, मग पांढरा, मग इंजिनाची लय बसली. तीच जुनी लय. झुंबरबाई चुलीपुढून पळत आल्या आणि दारातच खिळल्या. साळुबाईंनी कानावर हात ठेवले आणि तोंडभर हसल्या. मोहिनी टाळ्या वाजवू लागली.

"ताई, मला हिच्यातच न्या," ती म्हणाली. "माज्या येळंला माज्या आईला बी चिमाजीबाबानी हिच्यातच नेलं व्हतं. आज तपासायला जायचंय ना घोडेगावला? चला की!"

"चला," साळुबाई म्हणाल्या. "मला बी डोळं दाखवायचं हायेत."

"मी बी येते," झुंबरबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. कुंकू मात्र त्यांनी मोहिनीच्या हातात दिलं. "तू लाव."

मोहिनीने माझ्या बॉनेटवर बोट टेकवलं. सगळे आनंदात होते. त्या अंगणात घाबरलेली मी एकटीच होते.

कारण मला पुढचा रस्ता पाठ आहे. चढाच्या तोंडाशी खडक आहे, त्यावरून मागचं उजवं चाक आपटून खाली जातं. मी मोकळी असते तर कदाचित निभावलं असतं. पण माझ्यात मोहिनी बसणार, तिच्या पोटातलं बाळ बसणार, दोन म्हाताऱ्या बसणार आणि रुपाली चालवणार. खडकावरून चाक उतरलं की तो सगळा भार माझ्या चिरेवर येणार. आणि एका बाजूला दरी.

मी जगावं अशी तिथल्या प्रत्येकाची इच्छा होती. माझीही होती. आणि मी जगण्यातच धोका होता. इंजिन बंद पडावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. पण गेणभाऊंनी काम चोख केलं होतं. इंजिन बंद पडेना.

"सार्थक," रुपाली म्हणाली, "तुमची गाडी चांगली आहे. पण आईचं मन..." ती थांबली. "माझंही. तुम्हाला चढ चढायला लावला, चहा घेऊन जा."

"आसूं द्या मॅडम. मन हाय म्हणल्यावर आमी कोन?" तो हिरमुसला होता, पण चांगला मुलगा होता.

मोहिनी चढून बसली. साळुबाईंना हात देऊन वर घेतलं. झुंबरबाई माझ्या पुढे नारळ घेऊन उभ्या. रुपालीने इंजिन चालू ठेवून ब्रेक ओढला आणि उटी काढायला माझ्या चाकाशी आली.

तो दगड पावसाळाभर तिथेच होता. त्याच्या खाली गवत पिवळं पडलं होतं. तिने दोन्ही हातांनी तो उचलला. लहानपणी कवटाळायची तसाच. आता तो बाजूला टाकून तिने स्टिअरिंगकडे जायला हवं होतं. ती वळलीसुद्धा. मग थांबली. हातातल्या दगडाकडे बघितलं. आणि खाली वाकली.

"आता काय बगतीस?" गेणभाऊ म्हणाले. "खालून समदं ऑइल मारलंय मी."

"बाबा ठोकायचे, भाऊ. ठोकल्याशिवाय निघायचे नाहीत. इंजिन जरा बंद करा."

इंजिन थांबलं. अंगणात एकदम शांतता झाली.

तिने पुढून सुरुवात केली. मी ओ दिली. खण्ण. डावीकडून मागेपर्यंत, खण्ण, खण्ण. प्रत्येक आवाजाला झुंबरबाई मान हलवत होत्या. जणू कुणी ओळखीचं बोलत होतं. मग ती उजवीकडे आली. खण्ण. दाराखाली, खण्ण. मागच्या चाकाजवळ आली. माझं सगळं लोखंड ताठ झालं. ठोक, म्हटलं. नको, म्हटलं. दोन्ही एकदम म्हटलं.

दगड बसला. बद्द.

तिने पुन्हा ठोकलं, जरा जोरात. पुन्हा बद्द. काळ्या ऑइलचा एक पापुद्रा खाली पडला आणि त्याच्याबरोबर लाल भुगा.

"चिखल असंल," गेणभाऊ घाईने म्हणाले. पण ते लगेच गुडघ्यावर बसले, खिशातून पेचकस काढला आणि त्या जागी टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

गेणभाऊंनी पेचकस बाहेर काढला, फडक्याला पुसला, पुन्हा पुसला. "मोहिनी," ते हळूच म्हणाले, "खाली उतर बाळा. सावकाश."

साळुबाईही उतरल्या. झुंबरबाई नारळ घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्याकडून गोठ्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे तो काळा पडलेला, कुजका पेंढा ढीग करून ठेवला होता. मग त्यांना कळलं.

"मीच गं," त्या म्हणाल्या. "मीच गुंडाळली तिला."

"आई..."

"त्यांना डोलीत नेलं तवा लई भिजले गं ते. तोंडावर इरलं ठरंना. मी पळत व्हते, तरी ठरंना." त्यांचा आवाज अगदी साधा होता, जणू दुसऱ्याचीच हकिकत सांगत होत्या. "म्हणलं, निदान ही तरी भिजायला नको."

रुपालीने हातातला दगड खाली ठेवला. तिचे हात काळे झाले होते. तशाच हातांनी तिने आईचे नारळ धरलेले हात धरले.

"तू पांघरूण घातलंस," ती म्हणाली. "मीपण जुन्नरला जाऊन बसले होते. बघायला आले नाही."

त्या दोघी तशा उभ्या होत्या. सार्थक आपल्या गाडीला टेकून जमिनीकडे बघत होता. आता त्याला बोलायची संधी होती. पण तो गप्प राहिला, त्याबद्दल मी त्याला मानते.

मग रुपालीने दगड उचलला आणि त्याच्या गाडीकडे चालू लागली.

"आवो मॅडम! दगड? कालच कलर मारलाय!"

"खालून मारते, रंगाला नाही."

"आमच्या बाजारात टायरला लाथ मारत्यात, ही कुटली तपासनी?"

"आमच्या घरातली," रुपाली म्हणाली आणि वाकली.

मी कान देऊन ऐकत होते. मनात एक कोपरा दुष्ट होता, तो म्हणत होता, बद्द वाजू दे. पण मोहिनी ओट्यावर पोटावर हात ठेवून बसली होती, आणि आभाळ भरायला आता फार दिवस उरले नव्हते. खण्ण, ती हिरवी जीप म्हणाली. पुढून मागेपर्यंत, दोन्ही बाजूंनी, कुठेही न अडखळता. तिचा आवाज माझ्यापेक्षा पातळ होता. पण ओ होती.

रुपाली उठली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "सार्थक, हीच ठेवून जा."

झुंबरबाई दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी नारळ मोहिनीच्या हातात दिला. "जा, तिच्यापुढं फोड," त्या म्हणाल्या आणि पदराने माझ्या बॉनेटवरची धूळ पुसली. कुंकू तेवढं पुसलं नाही.

त्या सकाळी सगळी जणं हिरव्या जीपमधून घोडेगावला गेली. झुंबरबाईसुद्धा. जाताना उटीचा दगड रुपालीने तिच्यात ठेवला. माझ्या चाकाखाली लाकडाचा ओंडका लावला. खरं सांगते, तो दगड जाताना बघणं मला नव्या जीपपेक्षा जड गेलं.

मग माझं काय करायचं? गेणभाऊ म्हणाले, "चासी गेली म्हंजी भंगार." ते खाली बघून म्हणाले. रुपालीने विचारलं, "घाटात नाही, रस्त्यावर नाही, माणसं घालून नाही. नुसती शेतात, सपाटीवर चालेल का?" गेणभाऊंनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग कुजलेला तुकडा कापून त्या जागी जाड पट्टी जोडली. दोन दिवस माझ्याखालीच झोपून होते, आणि या वेळी चिखल आधी खरवडला.

मग मला रिकामीच, सावकाश ओढत येडगावात आणलं. आता मी इथेच असते. झुंबरबाईंचे भाऊ भरत यांची इथे धरणाकाठी शेती आहे. मी बांधावरून गोठ्यापर्यंत गवताचे भारे वाहते. तेवढंच. उतार नाही, म्हणून उटी लागत नाही. भरतमामा मला उघड्यावर ठेवतात, रोज चालू करतात, आणि पावसात वर टाकलेली पोती पाऊस जाताच काढून सगळीकडून वारा लागू देतात. रुपालीने त्यांना तसं बजावून सांगितलं आहे.

पण चिंता काही गेली नव्हती. आषाढ लागला तसा मी पश्चिमेकडे बघत राहायची. तिकडचे डोंगर ढगात बुडाले होते. तो चढ, तो खडक, ती ओली माती. हिरव्या जीपला ते वळण माहीत असेल का? सेल्फ लागला नाही तर? रुपाली वर्गात असताना कळा सुरू झाल्या तर? गवत वाहताना मी हेच घोकत असायची. काळजी करायला चासी मजबूत लागत नाही.

श्रावणात एका उघडिपीच्या दुपारी ती हिरवी जीप बांधाशी येऊन थांबली. चिखलाने माखली होती. चमक पार गेली होती. पुढच्या बाजूला एक चांगला पोचा आला होता. रुपाली उतरली, भरतमामांना म्हणाली, "मामा, मोहिनीला मुलगी झाली. घोडेगावला. दोघी बऱ्या आहेत. पावसात निघालो, पण कोरड्या पोहोचलो."

मागच्या दाराने झुंबरबाई उतरल्या. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि सीटवर बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी.

मित्रांनो, आता निघते. जाताना एवढंच सांगते. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल, एखादी सायकल, किंवा एखादं माणूस, आणि त्याच्यावर तुमचा जीव असेल, तर त्याला गुंडाळून ठेवू नका. झाकलं की जपलं असं होत नाही. त्याच्याजवळ जा. वाका. हात लावा. हाक मारा, आणि ओ कशी येते ती नीट ऐका. ती बदलली असेल, तर घाबरून कान झाकू नका. आमच्यासारख्यांना आपणहून सांगता येत नाही.

त्या दुपारी रुपालीने हिरव्या जीपच्या चाकाखालचा दगड काढला, इथे सपाटी असूनही सवयीने लावलेला. माझ्या मागच्या उजव्या चाकाशी येऊन ती वाकली. पट्टी जोडलेल्या जागी तिने हलकेच ठोकलं आणि कान लावला. वर सीटवरून झुंबरबाई खाली वाकून बघत होत्या.

आवाज पहिल्यासारखा नव्हता. जाड होता, जरा घोगरा.

"देती का गं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"देती," रुपाली म्हणाली.